मागच्या बाजूला एक सूत जास्त

बाबा, आज बुधवार. बुधवारी आमच्या भागात वीज बंद असते म्हणून कारखान्याला सुट्टी. बाकीची पोरं सिनेमाला गेलीत, कोणी कपडे धुतायत, आणि मी डायच्या खोलीत दार लोटून बसलोय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी डोक्यात आलं नाही. आईलाही मी चार ओळींच्या वर लिहीत नाही, सातवीतनं शाळा सोडलेला माणूस लिहिणार तरी काय. पण उद्या शेठ रत्नागिरीहून परत येतायत, आणि ते आले की इथल्या एका माणसाची नोकरी जाणार आहे. ती माझ्यामुळे जाणार आहे आणि हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. हाताला काहीतरी चाळा दिला तर बरं वाटेल म्हणून खोक्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलंय.

तुम्ही गेलात तेव्हा मी सोळाचा होतो. तेव्हापासून मी कुठे टिकलो नाही. लांज्याला काजूच्या कारखान्यात टरफलं उपसली, रत्नागिरीला बंदरावर बर्फ फोडला, मग मुंबईत एका प्लायवूडच्या दुकानात राहिलो, तिथल्या मालकाशी वाजलं तेव्हा गावातल्याच एकाच्या ओळखीने सुरतेला आलो. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी लावूनच तुला जन्माला घातला. इथे मात्र तीन वर्षं झाली. इथे पुठ्ठ्याचे खोके बनतात, साड्यांचे, मिठाईचे, बांगड्यांचे. माझं काम डाय बनवायचं. डाय म्हणजे प्लायवूडची फळी. तिच्यात बारीक पात्याच्या करवतीने रेघा कापायच्या आणि त्या रेघांत पोलादी पट्ट्या ठोकून बसवायच्या. धारेची पट्टी पुठ्ठा कापते, बोथट पट्टी घडी पाडते. ती फळी मशीनवर चढवली की प्रत्येक दाबाला एक उलगडलेला खोका पडतो, नुसता दुमडायचा बाकी. तुम्ही बघितलं असतंत तर नाक मुरडलं असतंत, ह्या कागदाच्या कामाला सुतारकाम म्हणतात काय रे, असं म्हणाला असतात. पण पट्टी फळीत अशी बसावी लागते की हातोडीचा शेवटचा ठोका मारताना आवाज बदलतो, आणि तो आवाज मला ऐकू येतो. इथे दुसऱ्या कोणाला येत नाही. शेठनी मला त्यासाठीच ठेवलंय.

मशीनवर तात्या आहेत. जळगावकडचे, पन्नाशी उलटलेले, वीस वर्षं त्याच मशीनवर. मी आलो तेव्हा मला इथलं पाणी मानवेना, तर महिनाभर त्यांच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा खाऊन राहिलो. मला ते नावाने हाक मारत नाहीत. "ए कोकण्या, मासे सोडून आला आन् इथं फळ्या टोचून राहिला काय भो?" असं त्यांचं रोजचं. नोकरी जाणार आहे ती त्यांची.

आता मुळापासून सांगतो. थंडीत रत्नागिरीचा एक आंब्याचा व्यापारी शेठकडे आला. सुरतेच्या बाजारात त्याचा माल येतो, शेठशी जुनी ओळख. त्याचं म्हणणं, लाकडाची पेटी आता परवडत नाही. विमानाने दुबईला आंबा जायला लागलाय आणि पेटीच आंब्याएवढी जड. पुठ्ठ्याचा खोका पाहिजे, पण साधा नको. "खोका बघितल्यावर तिकडच्या माणसाला कळलं पाहिजे, हा आंबा कुठल्या घरातून आलाय," असं तो म्हणाला. ऑफिसातल्या चित्रकाराने त्याला खोक्यावर माड, होडी, मावळता सूर्य असं काढून दाखवलं. व्यापाऱ्याने चित्र उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "हे गोव्याच्या हॉटेलासारखं वाटतं हो." मग शेठनी मला आत बोलावलं. तू तिकडचाच ना, म्हणाले, सांग काय करायचं. माझ्या तोंडून निघून गेलं, की घराचं चित्र काढू नका, खोकाच घरासारखा करू.

बोलून बसलो आणि मग घाम फुटला. पहिला नमुना केला तो सरळ दोन पाख्यांचा, वर आढं, खाली पागोळ्या पडतात तशी बाहेर आलेली कड. मला फार आवडला होता. शेठनी तो टेबलावर ठेवला, त्याच्यावर दुसरा ठेवायला गेले आणि दुसरा घसरून त्यांच्या मांडीवर पडला. "ये क्या बनाया? मंदिर?" म्हणाले. "इसके ऊपर दूसरा कौन बैठेगा, कौवा?" सगळं ऑफिस हसलं. तात्या तर पुढे चार दिवस मशीनजवळून जाताना त्या नमुन्याला हात जोडायचे आणि "कोकण्याच्या देवा, पाव रे बाप्पा" म्हणायचे.

तेव्हा मला तुमची आठवण आली. आठवण म्हणजे रडू वगैरे नाही. कामाच्या वेळी हत्यार आठवतं तशी. लांज्याच्या अलीकडे त्या काजूवाल्याचं घर तुम्ही बांधलंत, मी शाळा सोडून पहिल्यांदाच तुमच्याबरोबर होतो. तुम्ही आधी खांब उभे केलेत, वर तुळया, वासे, रिपा, आणि कौलंसुद्धा चढवून झाली तरी भिंतीचा एक चिरा बसलेला नव्हता. चारी बाजूंनी उघडं छप्पर आणि त्याच्याखाली तुम्ही विडी ओढत बसलायत. येणारी-जाणारी माणसं विचारतायत, काय सुतारबुवा, भिंती पुढच्या वर्षी काय? आणि तुम्ही म्हणताय, "भिंत वाऱ्यापावसाला. वजन खांबांनी घ्यायचा. उद्या भिंत पडली तरी आतला माणूस जगला पाहिजे." हे मी विसरून गेलो होतो. मी छपराच्या मागे लागलो होतो आणि तुमचं घर छपरात नव्हतंच. मग मी खोक्याच्या चारी कोपऱ्यांत पुठ्ठा तीनदा दुमडून पोकळ खांब केले. वरच्या खोक्याचं वजन खांबावरून खांबावर उतरणार, मधल्या भिंती मोकळ्या. भिंतींवर वजन नाही म्हटल्यावर त्यांना खिडक्यांच्या गजांसारख्या उभ्या फटी पाडता आल्या. दोन टोकांना त्रिकोणी हंसडी ठेवली, घराच्या छपराखाली भिंतीचा तिकोना असतो तशी, पण बेताची, आणि वरच्या खोक्याच्या तळाला तेवढीच खाच, म्हणजे एकावर एक बसले की हलायचे नाहीत. लांबून बघितलं तर ओळीने घरं.

वारा कुठून घ्यायचा हा दुसरा प्रश्न. आंबा पिकताना तापतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. फटी कुठे आणि किती, शेठनी बोलावलेला एक पुस्तकं शिकलेला माणूस काहीतरी गणित सांगत होता, ते मला समजेना. मला आठवत होतं ते त्याच काजूवाल्याचं स्वयंपाकघर. तुम्ही सकाळी जाऊन चुलीसमोर पाटावर बसलात ते जेवणवेळेपर्यंत उठला नाहीत. हातात काही नाही, नुसते वर बघताय. घरची बाई दोनदा चहा देऊन कंटाळली. "सुतारबुवा, घर बांधायला आलात की चाय प्यायला?" तुम्ही म्हणालात, "वैनी, धुराला कुठनं जायचाय ते त्यालाच विचारतोय. घाई केली तर खोटा सांगेल." मग उठलात, कोळशाने हंसडीवर दोन खुणा केल्यात आणि एक खाली उंबऱ्याजवळ. तिथेच भोकं पाडलीत आणि त्या घरात परत कोणाचे डोळे चुरचुरले नाहीत. बाबा, मी नमुन्याच्या खोक्यात उदबत्ती लावून दुपारभर बसलो. तात्यांना वाटलं पोरगं खुळावलं. "आता आरती बी म्हण भो," म्हणाले. पण धूर वरच्या कोपऱ्यात कोंडत होता ते मला दिसलं, तिथे हंसडीत दोन फटी दिल्या, तळाशी दोन दिल्या, आणि धूर सरळ वर निघून गेला. त्या दिवशी मला जे वाटलं ते आजवर कुठल्या कामात वाटलं नाही. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

आता ती गोष्ट लिहितो. काजूवाल्याने मुंबईहून पोलादी टेप आणलं होतं, ओढलं की बाहेर येतं आणि सोडलं की सट्‌कन आत जातं. मी त्याच्याशी खेळत घर मोजलं. पुढची बाजू मोजली, मागची मोजली, आणि मागची बोटभर जास्त निघाली. मला वाटलं मोठा शोध लागला. मी ओटीवर जाऊन मालकालाच सांगितलं, चार माणसांसमोर, की घर गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही, मागे वाकडं गेलंय. तुम्ही तेव्हा लाकूड तासायचा वाकस हातात धरून उभे होतात. तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला अजून दिसतात. तुम्ही मालकाला म्हणालात, "वाकडा नाय शेठ. गोमुखी ठेवलाय. गायीचा तोंड पुढं निमुळता आणि मागं अंग भरलेला, तसा. उलटा झाला तर वाघमुखी, त्या घरात काय टिकत नाय. आणि अगदी चौरस ठेवला तर ती वखार झाली, माणसाचा घर नाय." मालक समजूतदार, तो म्हणाला, आमच्या आज्याने पण असंच सांगितलंन होतं. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "मेल्या, टेप वाचायला आला तुला. हात काय करतो ते बघायला कधी शिकणार?" एवढंच. मारलं नाहीत. पण संध्याकाळी कातळावरून घरी येताना तुम्ही झपाझप पुढे आणि मी मागे धावत होतो. घरी आल्यावर तुमची लाल सुतारी पेन्सिल मधोमध कापलीत आणि अर्धी मला दिलीत, टोक काढून. माफ केलंत की कामावर घेतलंत, ते मला कळलं नाही.

तर बाबा, खोक्याची डाय आखताना शेवटची रेघ राहिली होती, मागच्या टोकाची. पुढचं टोक अकरा इंच होतं, मागचंही अकरा पाहिजे. मी अकराला खूण केली. मग थांबलो. इथे मी तीन वर्षांत शेकडो खोके केले, त्यांत साडी गेली, बर्फी गेली. हा पहिलाच असा होता की ज्याला मी मनात घर म्हणत होतो. खांब तुमचे, गज तुमचे, धूर जायची वाट तुमची. आणि ते चौरस ठेवायचं म्हणजे वखार. मी पेन्सिल एक सूत बाहेर सरकवली. एक सूत म्हणजे काय, तुमच्या बोटाच्या नखाएवढंही नाही. इंचाचा आठवा भाग. कोणाला दिसणार? कोणाला दिसलंही नाही. व्यापारी आला, खोका हातात घेऊन फिरवला, त्याच्यावर स्वतः बसून बघितलं, भरल्या अंगाचा माणूस, खोका दबला नाही. म्हणाला, "आमच्या घराच्या पडवीत बसल्यासारखं वाटतंय." शेठनी सगळ्यांना फाफडा मागवला. मी त्या दिवशी डोकं वर करून चाललो.

पहिला माल छापून, कापून रत्नागिरीला गेला. तिथे व्यापाऱ्याच्या शेडवर बायांनी खोके दुमडले, आंबा भरला, ट्रकवर चढवला. आणि ट्रक घाट उतरेपर्यंत सगळी रास एका अंगाला कलली. व्यापाऱ्याचा ट्रंककॉल आला तेव्हा मी ऑफिसातच होतो, त्याचा आवाज रिसीव्हरच्या बाहेर ऐकू येत होता. एक खोका एक सूत. सगळे खोके तोंडं एकाच बाजूला करून लावले, घरं लावल्यासारखे, कारण ते तसे छान दिसतात. आठ खोके लागले की मागच्या बाजूला एक इंच जास्त. ट्रकभर लांबीला दोन इंच. एका अंगाला गच्च आणि दुसऱ्या अंगाला मोकळं. त्या मोकळ्या बाजूला रास वळत गेली, खांबावर खांब राहिला नाही, आणि मग खालच्या घरांनी वरच्यांचं वजन भिंतींवर घेतलं. किती आंबा नासला ते मला ऐकवलं नाही. मी विचारलं नाही.

खोके तिरके निघाले की इथे सगळ्यांच्या मनात एकच येतं, मशीनवर पुठ्ठा सरकला. पुठ्ठा मशीनमध्ये घालताना एका कडेला टेकवावा लागतो, तो टेकला नाही की कापणं तिरकं होतं. तात्यांचं काम ते. शेठनी फोन ठेवला आणि म्हणाले, "डाई तो लड़के की है, उसमें गलती नहीं होगी. बूढ़े की नज़र गई." कोणी डाय मोजली नाही. ती माझ्यामागे खुंटीला टांगलेली होती, आताही आहे. टेप लावलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. ती दोन मिनिटं मी तिच्या पुढे उभा राहिलो, पाठीने झाकून. मुद्दाम नाही. पण सरकलोही नाही.

शेठ स्वतः बघायला रत्नागिरीला गेले. जाताना सांगून गेले, गुरुवारी येतो, मशीनवर दुसरा माणूस बघून ठेवलाय. तेव्हापासून तात्या मला रोज काहीतरी विचारतात. आणि बाबा, त्यांनी एकदाही म्हटलं नाही की चूक आपली नाही. परवा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला आणि तसाच ठेवला. म्हणाले, "कोकण्या, मला एक सांग भो. वीस वर्षं अंगठ्याला कड लागते का नाही ते मी बघत नाही, मला समजतं. मग यावेळी कसं काय समजलं नाही?" मी म्हटलं, होतं तात्या कधीकधी. "होतं म्हणजे? दर खोक्याला सारखंच कसं होईन? एक तिरका, दोन तिरके, मी समजू शकतो. सगळे सारखे तिरके म्हणजे माझा हातच तिरका झाला." मला वाटलं आता त्यांना उमगणार, की सारखी चूक हाताची नसते, डायची असते. त्यांना ते कळायला अर्धं पाऊल राहिलं होतं. पण त्यांनी तो विचार आपल्याच अंगावर घेतला. संध्याकाळी बाजारातून साठ-सत्तर चष्मे लावून बघून एक घेऊन आले. आता तो लावून प्रत्येक पुठ्ठा दोनदा टेकवतात, मग हात लावून बघतात. ज्या माणसाचा हात मशीनच्या आवाजाबरोबर चालायचा त्याचा हात आता थांबत थांबत चालतो. हे बघवत नाही. नोकरी एक वेळ दुसरीकडे मिळेल, पण आपला हात खोटा आहे असं त्यांना वाटायला लागलंय, आणि ते मी करून ठेवलंय.

सांगितलं तर काय होईल हे मी सारखं मोजतोय. मला काढतील. इथल्या खोके करणाऱ्यांत बातमी फिरेल, की ह्या पोराने मुद्दाम वाकडी डाय केली, कोणत्यातरी गाईबैलाच्या समजुतीने. मग डायचं काम सुरतेत मिळणार नाही. आणि मला दुसरं काही येत नाही, बाबा. टिकायची पहिली जागा ही. नाही सांगितलं तर तात्या जातील आणि मी राहीन, आणि रोज त्या मशीनसमोरून जाईन. तुम्ही काय केलं असतंत असं विचारणार होतो, पण तुमच्यावर अशी वेळ आली नाही. तुमचा मालक त्याच्या आज्याकडून गोमुखी ऐकलेला होता. माझ्या मालकाला गोमुखी समजवायला मी कुठून सुरुवात करू?

वरचं सगळं बुधवारी लिहिलं. आज शनिवार, जेवणाची सुट्टी आहे, मला बाहेर जायचं नाही म्हणून परत घेतलं.

मी सांगितलं. गुरुवारी शेठ आले ते तडक मशीनकडे गेले. तात्या उठून उभे राहिले, चष्मा काढून हातात धरला. शेठ काही बोलायच्या आत मी म्हटलं, साहेब, एक मिनिट बघा. शिल्लक पुठ्ठ्यांतले बारा खोके दुमडले आणि जमिनीवर ओळीने लावले, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. ओळ वळली. तलवारीसारखी नाही, पण वळली, डोळ्यांना दिसण्याइतकी. मग मी एक सोडून एक खोका उलटा फिरवला. एकाचं तोंड इकडे, शेजारच्याचं तिकडे. ओळ सुतासारखी सरळ झाली. शेठ बघत राहिले. मी डाय खुंटीवरून काढून त्यांच्या हातात टेप दिलं. त्यांनी मोजलं, परत मोजलं. लगेच रत्नागिरीला फोन लावायला सांगितलं, दोन तासांनी लागला, की राहिलेला माल फेकू नका, ट्रकवर एक रास इकडे तोंड, शेजारची तिकडे तोंड, अशी लावा. काल व्यापाऱ्याचा उलट फोन आला, दुसरा ट्रक नीट पोचला. नवी डाय आता अगदी चौरस करायची आहे. करतोय. आज संध्याकाळपर्यंत होईल.

तात्या मशीनवर आहेत. गुरुवारी दुपारीच त्यांनी चष्मा मिठाईच्या खोक्यात घालून मला देऊन टाकला. "ठेव, तुलेच लागेन," म्हणाले, आणि मशीन परत पहिल्यासारखं धडधडायला लागलं. मलाही काढलं नाही. हे सगळं चांगलंच झालं म्हणायचं. मग मी जेवायला बाहेर न जाता इथे लिहीत बसलोय ते कशाला, हे तुम्हाला सांगायचं राहिलंय. त्यासाठीच हे पत्र, हे मला बुधवारी माहीत नव्हतं.

टेप लावून झाल्यावर शेठनी मला विचारलं, हे असं झालं कसं, तुझ्यासारख्याकडून? सगळे उभे होते. तात्या, छपाईवाले, ऑफिसातला तो चित्रकार. मला गोमुखी सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं, तोंडात आलं होतं. पण मला दिसलं की मी सांगितलं तर मुद्दाम केलं असं होणार, आणि मुद्दाम करणाऱ्याला कोणी ठेवत नाही. चुकणाऱ्याला ठेवतात. मी म्हटलं, साहेब, माझ्या बापाला काटकोन कधी जमला नाही. गावठी सुतार होता, डोळ्याने मापायचा, त्याची घरंही अशीच वाकडी. त्याच्या हाताखाली शिकलो, कधीकधी हात तसा जातो. शेठनी कपाळावर हात मारला. "बाप गाँव का मिस्त्री, बेटा सूरत का इंजीनियर," म्हणाले, "दोनों का गुनिया टेढ़ा!" आणि राग गेला. मागून तात्या माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझ्या बापाचे उपकार भो. त्यानं वाकडं शिकवलं म्हणून माझी नजर सरळ निघाली." त्या बिचाऱ्यांनी मनापासून म्हटलं.

हे पत्र टाकायचं म्हटलं तर पत्ता घरचाच. आईला वाचता येत नाही, ती शेजारच्या पोराला बोलावून ओटीवर बसून वाचून घेईल, आणि तुमच्या हातच्या घरांतून राहणारी चार माणसं तिथे बसलेली असतील. म्हणून टाकत नाही. पुठ्ठा आहे, रद्दीत गेला की गाळून परत पुठ्ठा होईल.

शेठ हसले तेव्हा सगळे हसले, बाबा. मीही हसलो, आणि दुसऱ्यांपेक्षा जरा मोठ्याने.